एनएफएस सर्व्हर जागेवर वेगवान, नेटवर्कवर मंद : ईएक्सटी४, एक्सएफएस आणि झेडएफएस यांच्या वेगात इतका फरक का पडतो?

खडूफळा

सर्वांना नमस्कार. नाशिकमध्ये आमचे नऊ जणांचे कार्यालय आहे. जुन्या मराठी पुस्तकांची आणि मासिकांची पाने स्कॅन करायची, त्यांतील मजकूर ओसीआरने वेगळा काढायचा, तो तपासायचा आणि ग्रंथालयांकडे सुपूर्द करायचा, असे आमचे काम चालते. गेली अनेक वर्षे दोन डिस्कच्या मिररवरचा एक जुना सर्व्हर आम्ही वापरत होतो. त्यावर डेबियन ६ ही लिनक्स प्रणाली आणि ईएक्सटी३ ही फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था) होती. जागा संपत आल्यामुळे गेल्या महिन्यात नवा सर्व्हर उभा केला. त्यात ७,२०० आरपीएमच्या सहा डिस्क, रेड-झेड२ रचनेतील (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा वाचवणारी) झेडएफएस फाइलसिस्टीम, ३२ जीबी मेमरी आणि जुन्यापेक्षा कितीतरी दमदार प्रोसेसर आहे. सर्व्हरवरचे फोल्डर नेटवर्कवरून वापरता यावेत म्हणून लिनक्सच्या संगणकांना एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीने आणि विंडोजच्या संगणकांना सांबाने जोडणी दिली आहे. स्विच गिगाबिटचा आहे.

अडचण अशी आहे की मोठ्या फाइलींच्या बाबतीत हा सर्व्हर उत्तम चालतो, परंतु लहान फाइली आल्या की तो अक्षरशः रांगू लागतो. आमच्याकडे एका पुस्तकाची साधारण ४०० पाने असतात आणि प्रत्येक पानामागे तीन लहान फाइली तयार होतात, म्हणजे दहा पुस्तकांच्या एका गठ्ठ्यात १२,००० फाइली होतात. हा गठ्ठा टार स्वरूपात, म्हणजे सगळ्या फाइली एकाच फाइलीत बांधून, येतो आणि आम्ही तो एनएफएसने जोडलेल्या फोल्डरमध्ये उलगडतो. जुन्या सर्व्हरवर या कामाला १ मिनिट २० सेकंद लागत. नव्यावर १४ मिनिटे लागतात. तोच गठ्ठा नव्या सर्व्हरवर थेट लॉगिन करून उलगडला, तर तो ६ सेकंदांत उलगडतो.

त्याशिवाय आणखी दोन तक्रारी आहेत, परंतु त्यांचा या मुख्य तक्रारीशी संबंध आहे की नाही हे मला कळत नाही. एका विंडोज संगणकावर कोणतीही फाइल कॉपी केली तरी वेग ११ एमबी प्रति सेकंदाच्या वर जात नाही. आणि ज्या एका फोल्डरमध्ये आमची ३८,००० लघुचित्रे आहेत, त्यात विंडोजवरून नवी चित्रे टाकणे दिवसेंदिवस अधिकाधिक मंद होत चालले आहे.

झेडएफएस मुळातच नेटवर्कसाठी मंद आहे आणि मी ईएक्सटी४ वर जावे, असा सल्ला मला एका जाणकाराने दिला आहे. सगळा डेटा पुन्हा हलवण्याआधी येथील मंडळींचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

जिना

एनएफएसचे थ्रेड (एकाच वेळी विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) किती ठेवले आहेत? मूळ संख्या बहुधा ८ असते. ती ६४ करून पाहा. नेटवर्क कार्डांवर आणि स्विचवर ९,००० बाइटच्या जंबो फ्रेम (मोठ्या आकाराची डेटाची पाकिटे) चालू करा आणि माउंट करताना, म्हणजे सर्व्हरचे फोल्डर जोडताना, वाचण्याचा व लिहिण्याचा तुकडा १ एमबीचा ठेवा. आमच्याकडे एवढ्यावर काम भागले होते.

तारजोडणी

खडूफळा, डेटा हलवण्याची घाई मुळीच करू नका. तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळी दुखणी एकत्र आलेली दिसतात आणि तिन्हींना एकच औषध शोधत बसलात, तर एकही बरे होणार नाही.

११ एमबीचे दुखणे आधी बाजूला काढतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. गिगाबिट इथरनेटची तात्त्विक मर्यादा १२५ एमबी प्रति सेकंद असते आणि सगळी आवरणे वजा जाता साधारण ११७ एमबी हाती लागतात. १०० मेगाबिटच्या जोडणीत हाच आकडा ११.७ होतो. म्हणून कोणी ११ एमबी म्हटले की फाइलसिस्टीमकडे पाहण्याआधी केबलकडे पाहावे. १०० मेगाबिटला केबलमधील दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली असेल किंवा खटक्यात नीट बसली नसेल, तर दोन्ही टोके काही न बोलता १०० वर उतरतात. आयपर्फ३ हे नेटवर्कचा वेग मोजणारे साधन चालवून आकडा ९४ मेगाबिटच्या आसपास येतो का ते पाहा.

आता मुख्य दुखणे. कृपया पुढील मोजमापे करून येथे लिहा. पहिले म्हणजे, गठ्ठा उलगडत असताना क्लायंटवर (सर्व्हरला जोडलेल्या संगणकावर) माउंटस्टॅट्स हे एनएफएसची आकडेवारी देणारे साधन चालवून प्रत्येक प्रकारच्या विनंतीला सरासरी किती मिलिसेकंद लागतात ते नोंदवा. विशेषतः फाइल निर्माण करणे, लिहिणे आणि गुणधर्म बदलणे या तीन विनंत्यांचे आकडे हवे आहेत. दुसरे म्हणजे, सर्व्हरवर स्वतः बसून डीडी या डेटा लिहिणाऱ्या आज्ञेने ४ केबीचे १,००० तुकडे लिहा, पण डीसिंकचा ध्वज लावून, म्हणजे प्रत्येक तुकडा डिस्कवर पक्का झाल्याशिवाय पुढचा लिहिला जाणार नाही. हीच चाचणी जुन्या सर्व्हरवरही करा. तिसरे म्हणजे, एखादी सुटी डिस्क असेल, तर ती नव्या सर्व्हरला लावून तिच्यावर आधी ईएक्सटी४ आणि मग एक्सएफएस बनवा व दोन्ही वेळा तोच गठ्ठा नेटवर्कवरून उलगडा.

डीडीला शून्यांचा स्रोत देऊन मोठी फाइल लिहिण्याची चाचणी मात्र करू नका. झेडएफएसवर कॉम्प्रेशन चालू असेल, तर शून्यांच्या अख्ख्या फाइलीतले जवळजवळ काहीच डिस्कपर्यंत जात नाही आणि आकडा असा येतो की माणूस आनंदाने पेढे वाटायला निघतो.

दुपारचा_चहा

मलाही असाच त्रास आहे, परंतु माझ्याकडे एनटीएफएसची बाहेरची डिस्क छोट्या सर्व्हरला लावून ती सांबाने वाटलेली आहे. कॉपी करताना सर्व्हरच्या प्रोसेसरचा एक गाभा शंभर टक्के भरतो आणि वेग ३० एमबीच्या आसपास अडकतो. हे त्याच दुखण्याचे रूप आहे का?

तारजोडणी

नाही. तुमची डिस्क बहुधा एनटीएफएस-३जी या फ्यूजवर चालणाऱ्या चालकाने जोडलेली आहे. त्यात प्रत्येक वाचन-लेखन कर्नलमधून (प्रणालीच्या मध्यवर्ती भागातून) बाहेरच्या एका प्रक्रियेकडे जाते आणि परत येते, त्यामुळे दुबळ्या प्रोसेसरचा दम तेथेच संपतो. लिनक्स कर्नलच्या ५.१५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, एनटीएफएस३ हा कर्नलमधील चालक उपलब्ध आहे. तो वापरून पाहा. परंतु डिस्क कायमची सर्व्हरलाच लावून ठेवायची असेल, तर तिच्यावर एनटीएफएस ठेवण्याचे कारणच उरत नाही.

खडूफळा

दोन दिवस लागले, परंतु सगळी मोजमापे केली.

केबलचे निदान तंतोतंत बरोबर निघाले. त्या संगणकावर आयपर्फ३ ने ९४ मेगाबिट दाखवले आणि बाकीच्यांवर ९४०. टेबलाच्या पायाखाली केबल चेंगरली होती. ती बदलली आणि ती तक्रार मिटली.

जिना यांच्या सूचनेप्रमाणे थ्रेड ६४ केले, जंबो फ्रेम चालू केल्या, तुकडा १ एमबीचा केला. १४ मिनिटांचे १३ मिनिटे ५० सेकंद झाले, म्हणजे फरक पडला असे म्हणता येणार नाही.

माउंटस्टॅट्समध्ये फाइल निर्माण करण्याच्या विनंतीला सरासरी २४ मिलिसेकंद लागत आहेत, लिहिण्याला २५ आणि गुणधर्म बदलण्याला २१. वाचण्याच्या व नाव शोधण्याच्या विनंत्या मात्र अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत परत येतात.

डीसिंकच्या चाचणीला नव्या सर्व्हरवर १९ सेकंद लागले. जुन्या सर्व्हरवर तीच चाचणी पाऊण सेकंदात संपली. विश्वास न बसल्यामुळे मी ती चार वेळा केली.

सुट्या डिस्कवर गठ्ठा उलगडण्यास ईएक्सटी४ ला ११ मिनिटे आणि एक्सएफएसला साडेनऊ मिनिटे लागली. म्हणजे ईएक्सटी४ वर गेलो असतो, तरी फारतर तीन मिनिटे वाचली असती. मग जुना सर्व्हर सव्वा मिनिटात हे काम कसे करत होता, याचे उत्तर मला सापडत नाही.

तारजोडणी

तुमच्या सगळ्या आकड्यांमध्ये तो पाऊण सेकंद सर्वांत बोलका आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

७,२०० आरपीएमची डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. एकामागून एक असे तुकडे लिहायचे आणि प्रत्येक तुकडा चुंबकीय पृष्ठभागावर उतरल्याची खात्री झाल्यावरच पुढचा पाठवायचा, तर तोवर डिस्क पुढे सरकलेली असते आणि योग्य जागा पुन्हा डोक्याखाली येण्यास जवळजवळ एक फेरी जाते. म्हणून प्रामाणिकपणे केलेल्या १,००० लेखनांना कमीत कमी आठ सेकंद लागलेच पाहिजेत. जी डिस्क पाऊण सेकंदात हजार वेळा ‘झाले’ म्हणते, ती पृष्ठभागावर लिहून म्हणत नाही. आपल्या आतल्या छोट्या कॅशेत (तात्पुरत्या मेमरीत) ठेवून म्हणते. वीज गेली की त्या कॅशेतले सगळे जाते.

कॅशेतला मजकूर खाली उतरव, असा हुकूम फाइलसिस्टीमने डिस्कला द्यायचा असतो. त्याला बॅरियर म्हणतात. ईएक्सटी४ मध्ये तो पहिल्यापासून मूळ स्थितीतच चालू आहे. ईएक्सटी३ मध्ये तो ३.१ आवृत्तीच्या कर्नलपर्यंत मूळ स्थितीत बंद असे आणि डेबियन ६ चा कर्नल २.६.३२ आहे. तुमच्या जुन्या सर्व्हरच्या वेगाचा एक भाग हा आहे. एके काळी ईएक्सटी३ सोडून ईएक्सटी४ वर आलेल्या पुष्कळांनी नवी फाइलसिस्टीम मंद असल्याची ओरड केली होती. त्यांतील कित्येकांच्या बाबतीत नव्या फाइलसिस्टीमचा दोष एवढाच होता की ती डिस्कला खरे बोलायला लावत होती.

आता एनएफएसकडे येऊ. १९९५ च्या आरएफसी १८१३ या इंटरनेटवरील नियमांच्या दस्तऐवजामध्ये एनएफएसची तिसरी आवृत्ती नोंदवलेली आहे. तिच्याआधीच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्व्हरला प्रत्येक लेखन पक्के करूनच उत्तर द्यावे लागे. तिसऱ्या आवृत्तीने मजकुराच्या बाबतीत सवलत दिली: क्लायंट पुष्कळसे तुकडे कच्चे पाठवतो आणि शेवटी एकदाच ‘आता हे सगळे पक्के कर’ अशी कमिट विनंती करतो. म्हणूनच तुमच्या मोठ्या फाइली सुसाट जातात. परंतु फाइल निर्माण करणे, नाव बदलणे, पुसणे, परवानग्या किंवा वेळ बदलणे यांना ही सवलत नाही. त्यांचे उत्तर माध्यमावर पक्के झाल्यावरच द्यायचे असते. त्यात भर म्हणजे फाइल बंद करताना क्लायंट तिचा मजकूरही पक्का करून घेतो. टार उलगडताना प्रत्येक लहान फाइलीमागे निर्मिती, बंद करतानाचे लेखन आणि गुणधर्म अशा तीन पक्क्या पावत्या घ्याव्या लागतात. १२,००० फाइलींच्या ३६,००० पावत्या झाल्या. तुमच्या मोजणीप्रमाणे एका पावतीला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. गुणाकार करून पाहा, ८२८ सेकंद होतात, म्हणजे पावणेचौदा मिनिटे. तुमचा सर्व्हर मंद नाही. तो एकेका पावतीसाठी डिस्कच्या फेऱ्या मोजत उभा आहे.

थ्रेड वाढवून काही झाले नाही, कारण टार हा एकच माणूस एकाच खिडकीवर उभा आहे आणि पहिली पावती मिळाल्याशिवाय तो दुसरी मागत नाही. मागे ६४ खिडक्या उघडल्या तरी ६३ रिकाम्याच राहतात. जंबो फ्रेमचेही तसेच. येथे तार भरलेलीच नाही.

आणि सर्व्हरवर बसून सहा सेकंदांत काम झाले, कारण तेथे टारने पावती मागितलीच नव्हती. मजकूर मेमरीत गेला, झेडएफएसने आपल्या सवयीप्रमाणे साधारण पाच सेकंदांनी एकदा सगळा गठ्ठा मिळून डिस्कवर उतरवला. जागेवरची चाचणी आणि नेटवर्कची चाचणी यांची तुलना करताना बहुतेक लोक येथेच फसतात, कारण दोन्ही ठिकाणी आज्ञा एकच असली, तरी मागितलेले काम वेगळे असते.

फाइलसिस्टीमींमधील फरकही यातूनच समजतो. पावती मागितली की ईएक्सटी४ आपल्या जर्नलमधील (बदलांच्या नोंदवहीतील) चालू व्यवहार पूर्ण करून बंद करते, त्यात त्या क्षणी जे काही असेल ते सगळे जाते. एक्सएफएस आपला लॉग, म्हणजे तिची तशीच नोंदवही, सक्तीने खाली उतरवते. तिने २.६.३९ पासून अनेक बदल मेमरीत गोळा करून एकदम लिहिण्याची पद्धत मूळ स्थितीत स्वीकारली आणि लहान फाइलींचा तिचा जुना लौकिक पुसला, परंतु एनएफएस प्रत्येक बदलानंतर पावती मागत असल्यामुळे गोळा करण्याला वावच राहत नाही. झेडएफएस पावतीपुरती नोंद झेडआयएल नावाच्या वेगळ्या वहीत करते. ती वही तुमच्या बाबतीत त्याच सहा फिरत्या डिस्कवर आहे, आणि सहाही डिस्कनी कॅशे खाली उतरवल्याचे सांगेपर्यंत थांबावे लागते. तिन्हींची कारागिरी वेगळी आहे, पण अडतात त्या एकाच ठिकाणी, म्हणून तुमचे तीन आकडे साडेनऊ, अकरा आणि चौदा असे एकाच पट्टीत आले.

जुन्या सर्व्हरवरील एक्सपोर्ट्स फाइल (कोणते फोल्डर कसे वाटायचे ते जिच्यात लिहितात ती) उघडून पाहा आणि त्यात ‘असिंक’, म्हणजे पक्के होण्याआधीच पावती देण्याची मुभा, हा शब्द आहे का ते सांगा. बॅरियर नसल्यामुळे काही वेळ वाचला असेल, पण सगळा हिशेब त्यानेच लागतो की नाही याबद्दल मला शंका आहे.

जिना

विवेचन उत्तम आहे, परंतु मग व्यवहार्य उपाय सरळ दिसतो. एक्सपोर्टमध्ये असिंक लिहा, किंवा झेडएफएसवर सिंक हा गुणधर्म डिसेबल्ड करा, आणि सर्व्हरला चांगला यूपीएस लावा. आमच्या कार्यालयात अनेक वर्षे असेच चालू आहे आणि आजवर काही बिघडलेले नाही. नऊ माणसांच्या कार्यालयाने बँकेसारखे वागण्याची गरज नाही.

तारजोडणी

जिना, मी आपल्याशी अर्धाच सहमत आहे. जो डेटा पुन्हा तयार करता येतो, त्याच्यासाठी असा वेगळा डेटासेट (झेडएफएसमधील स्वतंत्र कप्पा) ठेवण्यास माझी हरकत नाही. परंतु यूपीएस फक्त वीज जाण्यापासून वाचवतो. कर्नल कोसळला, सर्व्हरच्या आतला वीजपुरवठाच जळाला, किंवा कोणी रीसेटचे बटण दाबले, तर बाहेरचा यूपीएस काहीही करू शकत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एनएफएसमध्ये हे नुकसान मुके असते. एरवी सर्व्हर मध्येच बंद पडला, तर क्लायंटकडे पक्का न झालेला मजकूर शिल्लक असतो. सर्व्हर प्रत्येक लेखनाच्या व कमिटच्या उत्तरासोबत एक खूण पाठवतो आणि तो पुन्हा सुरू झाला की ती खूण बदलते. खूण बदललेली दिसली की क्लायंट आपल्याकडचा मजकूर पुन्हा पाठवतो. ही व्यवस्था इतकी चांगली आहे की सर्व्हर मध्ये बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी वापरणाऱ्याला केवळ थोडा वेळ अडकल्यासारखे वाटते. असिंक केले की सर्व्हर न लिहिताच ‘पक्के झाले’ असे सांगतो, क्लायंट आपली प्रत टाकून देतो, आणि सर्व्हर परत आल्यावर पुन्हा पाठवायला कोणाकडेच काही उरत नाही. चुकीचा संदेश येत नाही, नोंद होत नाही. फाइलसिस्टीमही स्वतः शाबूत असते, त्यामुळे तपासणीत काही सापडत नाही. ‘आजवर काही बिघडलेले नाही’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘आजवर कोणी पाहिलेले नाही’ एवढाच असतो. एनएफएस-यूटिल्स या संचात १.०.० आवृत्तीपर्यंत असिंक हेच मूळ मूल्य होते आणि त्यानंतर ते मुद्दाम बदलून सिंक करण्यात आले, ते याच कारणाने.

निदानापुरते मात्र हे साधन फार उपयोगी आहे. खडूफळा, एक रिकामा डेटासेट तयार करून त्यावर दहा मिनिटांपुरते सिंक बंद करा आणि गठ्ठा उलगडा. वेळ एकदम खाली आला, तर निदान शंभर टक्के पक्के झाले. मग ते लगेच पूर्ववत करा.

उंबरठा

तिसऱ्या तक्रारीबद्दल लिहितो, कारण मी ती स्वतः भोगलेली आहे.

विंडोजच्या लेखी फाइलीच्या नावातील लहान-मोठी रोमन अक्षरे एकच असतात आणि लिनक्सच्या लेखी ती वेगळी असतात. विंडोजने नवी फाइल बनवायला सांगितली की त्याच नावाची, पण वेगळ्या अक्षरांची फाइल आधीच नाही ना, हे सांबाला पाहावे लागते. आणि नाही अशी खात्री करण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे अख्खे फोल्डर वाचणे. ३८,००० फाइलींच्या फोल्डरमध्ये एक नवी फाइल म्हणजे ३८,००० नावांची हजेरी. हजार नव्या फाइली म्हणजे हजार वेळा हजेरी. म्हणूनच तुमचे फोल्डर दिवसेंदिवस मंद होत गेले.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे पुस्तकागणिक उपफोल्डर करणे. ते शक्य नसेल, तर त्या शेअरपुरते सांबामध्ये केस सेन्सिटिव्ह हो, प्रिझर्व्ह केस नाही, शॉर्ट प्रिझर्व्ह केस नाही आणि डीफॉल्ट केस लोअर असे ठेवावे; त्याआधी तेथील सर्व नावे लहान अक्षरांत बदलून घेणे आवश्यक आहे, नाहीतर जुन्या फाइली असूनही सापडणार नाहीत. ही सोय फाइलसिस्टीमच्या पातळीवरही करता येते. झेडएफएसमध्ये डेटासेट निर्माण करतानाच केससेन्सिटिव्हिटी हा गुणधर्म ठरवता येतो, पण नंतर बदलता येत नाही; ईएक्सटी४ मध्ये ५.२ कर्नलपासून, २०१९ मध्ये, केसफोल्ड आले. तरीही सांबाला ‘तू हजेरी घेऊ नकोस, खालचा पाहून घेईल’ असे वेगळे सांगावे लागते. ते विसरले तर फायदा शून्य.

दुसरे असे की, सांबा विंडोजचे लपवलेली, केवळ वाचनीय वगैरे गुणधर्म प्रत्येक फाइलीच्या विस्तारित गुणधर्मांत ठेवते. ४.९ आवृत्तीपासून हे मूळ स्थितीतच चालू असते. झेडएफएसवर एक्सॅट्र हा पर्याय ‘ऑन’ असेल, तर प्रत्येक फाइलीमागे एक अदृश्य फोल्डर आणि त्यात एक फाइल तयार होते, म्हणजे यादी दाखवताना डिस्कला प्रत्येक नावामागे जादा फेऱ्या. तो ‘एसए’ केला की हे गुणधर्म फाइलीच्या मूळ नोंदीतच बसतात. बदल फक्त नव्याने लिहिलेल्या फाइलींना लागू होतो, हे ध्यानात ठेवा.

थोडे अवांतर, पण तुमच्या कामाशी थेट संबंध असलेले: फाइलींची नावे देवनागरीत असतील, तर ‘ऱ’ सांभाळा. ‘वऱ्हाड’ किंवा ‘कऱ्हाड’ यांतील ऱ हे युनिकोडमध्ये एक सलग अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि र व नुक्ता अशा दोन तुकड्यांतही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टीम नावे तुकड्यांत मोडून ठेवत असे. लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना सारखी दिसणारी दोन ‘वऱ्हाड’ उभी राहतात. झेडएफएसमध्ये नॉर्मलायझेशनचा, म्हणजे अशी दोन रूपे एकच मानण्याचा, गुणधर्म आहे, तोही फक्त निर्मितीच्या वेळीच देता येतो.

खडूफळा

सर्वप्रथम उंबरठा यांचे आभार. आमच्याकडे खरोखर दोन ‘वऱ्हाड’ फोल्डर होते आणि गेले वर्षभर आम्ही एकमेकांना दोष देत होतो.

लघुचित्रांचे फोल्डर पुस्तकागणिक फोडले आणि नवा डेटासेट एक्सॅट्र एसए ठेवून तयार केला. आता विंडोजवरून चित्रे टाकताना वाट पाहावी लागत नाही.

मुख्य दुखण्याचा अहवाल देतो. रिकाम्या डेटासेटवर सिंक बंद करून गठ्ठा उलगडला, तेव्हा ५५ सेकंद लागले. निदानाबद्दल आता शंका उरली नाही. सिंक लगेच पूर्ववत केले.

जुन्या सर्व्हरची एक्सपोर्ट्स फाइल पाहिली. असिंक तेथे होतेच. ते कोणी लिहिले असेल, याचा शोध घेण्यासाठी मी सर्व्हरची जुनी वही काढली आणि त्यात माझ्याच अक्षरात नोंद सापडली: ‘वेग कमी वाटतो म्हणून असिंक केले, आता छान.’ पुढे तीन उद्गारचिन्हे आहेत.

आता कायमचा उपाय कोणता करावा, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

तारजोडणी

तीन मार्ग आहेत आणि मी ते खर्चाच्या चढत्या क्रमाने सांगतो.

खर्च नसलेला मार्ग म्हणजे गठ्ठा सर्व्हरवरच एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) जाऊन उलगडणे. टार एकसंध फाइल म्हणून नेटवर्कवरून पाठवा, ती सुसाट जाईल, आणि सर्व्हरवर सहा सेकंदांत उलगडा. शेवटी एकदा सिंकची, म्हणजे मेमरीतले सगळे डिस्कवर उतरवण्याची, आज्ञा द्या. काम न बिघडता वेळ वाचवण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही, फक्त माणसांची सवय बदलावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे समांतर काम. दहा पुस्तकांचे दहा टार करून आठ-आठ एकाच वेळी उलगडा. झेडएफएस एकाच वेळी आलेल्या अनेक पावत्या एका लेखनात बसवू शकते, त्यामुळे एकेका पावतीचा वेळ तोच राहिला, तरी एकूण काम पुष्कळ लवकर होते. तुमचे ६४ थ्रेड येथे कामाला येतील, म्हणून जिना यांचा सल्ला अगदीच वाया गेला असे म्हणू नये.

तिसरा मार्ग म्हणजे झेडआयएलची वही फिरत्या डिस्कवरून उचलून वेगळ्या एसएसडीवर ठेवणे, ज्याला एसलॉग म्हणतात. मोठी एसएसडी लागत नाही. गिगाबिटवरून सेकंदाला १२५ एमबीपेक्षा अधिक येऊच शकत नाही आणि पाच सेकंदांनी वही रिकामी होते, म्हणजे ६२५ एमबी. दुप्पट-तिप्पट धरले तरी दोन जीबी पुरतात. मात्र त्या एसएसडीत वीज गेल्यावर हातातले काम पुरे करण्याइतपत ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असलेच पाहिजेत. ते नसलेली स्वस्त एसएसडी पावतीसाठी एक तर कित्येक मिलिसेकंद घेते किंवा तुमच्या जुन्या डिस्कसारखे खोटे बोलते. एसलॉगने वाचनाचा वेग वाढत नाही आणि पावती न मागणाऱ्या लेखनाचाही वाढत नाही. त्याचे काम पावतीपुरतेच आहे.

जिना

माझ्या म्हणण्यावर मी अजून पूर्णपणे माघार घेत नाही, परंतु आमच्या सर्व्हरवरील कामाच्या फाइली आणि तात्पुरत्या फाइली आजच वेगळ्या केल्या आणि असिंक फक्त तात्पुरत्यांपुरते ठेवले आहे.

खडूफळा

शेवटचा अहवाल देत आहे. आठ समांतर टारने साडेतीन मिनिटे लागली. त्यानंतर कपॅसिटर असलेली, सर्व्हरसाठीची एक वापरलेली छोटी एसएसडी मिळाली. ती एसलॉग म्हणून लावल्यावर एकट्या टारला १ मिनिट ३५ सेकंद लागतात. जुन्या सर्व्हरपेक्षा हा आकडा पंधरा सेकंदांनी अधिक आहे.

तारजोडणी यांचे ‘कोणी पाहिलेले नाही’ हे वाक्य वाचून मी जुन्या सर्व्हरवरून आणलेल्या सगळ्या डेटात शून्य बाइटच्या फाइली शोधल्या. २६ सापडल्या. सगळ्या दोनच गठ्ठ्यांतल्या आहेत आणि प्रत्येक गठ्ठ्यात त्या शेवटच्या काही क्षणांतल्या आहेत. वहीत त्या दोन्ही तारखांपुढे ‘सर्व्हर अडकला, बटण दाबून पुन्हा सुरू केला’ असे लिहिलेले आहे. त्या गठ्ठ्यांचे मूळ टार आता आमच्याकडे नाहीत, परंतु स्कॅन केलेली पाने आहेत, त्यामुळे त्या फाइली पुन्हा तयार होतील. अजिबात निर्माणच न झालेल्या फाइली मात्र अशा शोधून सापडणार नाहीत, म्हणून आजपासून प्रत्येक पुस्तकाची पानसंख्या आणि फाइलसंख्या ताडून पाहण्याचे काम सुरू केले आहे. पहिल्या ४० पुस्तकांपैकी एकात सहा पाने कमी भरली.